घर की बात? मग घराचा हिशोब दाखवा

जानेवारी २०२४ मध्ये आमच्या इमारतीत लिफ्टशेजारी एक कागद चिकटवला गेला. ‘१ फेब्रुवारीपासून मेंटेनन्स ४,४०० रुपये, अधिक जीएसटी. १० तारखेनंतर भरणाऱ्यांना दंड.’ खाली सही नाही, नाव नाही, कारण तर नाहीच. ज्या लिफ्टशेजारी हा कागद लावला होता, ती तीन महिने बंद होती.

माझं घर तळोजा फेज १ मध्ये आहे. अब्बांनी बावीस वर्षं कुवेतमध्ये गाडी चालवली, महाडजवळच्या गावातला जमिनीचा आपला वाटा भावाला विकला आणि २०१७ मध्ये हा फ्लॅट बुक केला. २०१९ मध्ये ताबा मिळाला. तेव्हा मेंटेनन्स होता महिन्याला १,५००. तोही दोन वर्षांचा आगाऊ, म्हणजे ३६,००० रुपये, चावी देण्याआधीच घेतला गेला. मग २०२१ मध्ये झाले २,२००. २०२२ मध्ये ३,२००. आणि आता ४,४००. पाच वर्षांत जवळपास तिप्पट. याच काळात चार वॉचमनचे दोन झाले, जिना झाडायला रोज येणारी बाई आठवड्यातून तीनदा येऊ लागली आणि नळाला पाणी येण्याची वेळ पाऊण तासावरून वीस मिनिटांवर आली.

मी कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. दिवसभर दुसऱ्यांच्या डिझेलच्या पावत्या तपासायच्या आणि संध्याकाळी स्वतःच्या घराचं बिल डोळे मिटून भरायचं, हे मला जमेना. मी बिल्डरच्या ऑफिसात गेले आणि एवढंच विचारलं की वाढ कशामुळे झाली, खर्चाचा तपशील दाखवता का. मॅनेजर वयस्कर होते. त्यांनी चहा मागवला आणि हसून म्हणाले, “बेटा, भाई अपने ही आदमी हैं. घर की बात घर में रहने दो.”

मला या लेखात त्या एका वाक्याशी भांडायचं आहे. कारण मुंब्रा, मीरा रोड, तळोजा, भिवंडी, जिथे जिथे आपली वस्ती आहे तिथे हे वाक्य ऐकू येतं. ते इतकं गोड बोललं जातं की त्याची किंमत कोणी मोजत नाही. मी मोजली. आमच्या इमारतीत ८४ फ्लॅट आहेत. एकट्या आगाऊ रकमेचेच ३०,२४,००० रुपये होतात. त्यातला एक रुपया कुठे गेला, हे पाच वर्षांत कोणी विचारलं नव्हतं आणि कोणी सांगितलंही नव्हतं.

आधी हे समजून घेऊ की आपल्या हातात नेमकं काय असतं. आपण म्हणतो ‘मालकीचा फ्लॅट’. मी घरी जाऊन कपाटातलं अॅग्रीमेंट काढलं. प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या खाली, ताबा मिळाल्यापासून कोणी न उघडलेलं. त्यात जमिनीपुढे शब्द होता ‘लीजहोल्ड’. नवी मुंबईत सिडको सहसा प्लॉट विकत नाही, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. हा पट्टा बिल्डरच्या नावावर असतो. सोसायटी स्थापन होऊन तो पट्टा सोसायटीच्या नावावर होईपर्यंत कागदावर जमीन बिल्डरकडेच राहते आणि इमारतीच्या किल्ल्याही त्याच्याच खिशात राहतात. आपण चार भिंतींचे मालक, आणि जिना, गच्ची, पाण्याची टाकी, पार्किंग, हिशोबाची वही या सगळ्याचा मालक दुसराच. मुंब्र्यात किंवा मीरा रोडला सिडको नसेल, पण कन्व्हेयन्स झालेलं नसेल तर तिथेही चित्र वेगळं नाही.

म्हणून बिल्डर सोसायटी होऊ देत नाही. ‘अजून काही फ्लॅट विकायचे आहेत’, ‘दुसरी विंग होऊ दे’, ‘कागद सिडकोत अडकलेत’. आमच्याकडे ही तिन्ही कारणं पाच वर्षं ऐकवली गेली. महाराष्ट्राच्या रेरा नियमांनुसार ५१ टक्के फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांत सोसायटीच्या नोंदणीसाठी अर्ज करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. आमच्याकडे ताबा देतानाच सत्तरहून जास्त फ्लॅट विकले गेले होते.

आता विचारा की आपण गप्प का बसतो. याचं उत्तर भित्रेपणा असं देणं सोपं आहे, पण ते खरं नाही. आमच्या इमारतीतल्या निम्म्या कुटुंबांकडे घर नाकारलं गेल्याची एक तरी कहाणी आहे. फोनवर सगळं ठरतं, नाव सांगितलं की फ्लॅट ‘कालच गेला’. मुंब्रा १९९२-९३ च्या दंगलींनंतर कसं फुगलं हे सगळ्यांना माहीत आहे. मुसलमानांना मिश्र वस्तीत घर घेताना आणि भाड्याने मिळवताना अडचण येते, याची नोंद २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही आहे. ज्याला चार ठिकाणी नकार मिळालाय त्याला पाचव्या ठिकाणी दार उघडणारा माणूस उपकारकर्ता वाटतो. बिल्डरला हे पक्कं ठाऊक असतं. इथून उठून तुम्ही जाणार कुठे, हे तो बोलून दाखवत नाही, फक्त दर वाढवतो.

बाहेरच्यांनी आपल्यावर केलेला भेदभाव आणि आतल्याने केलेली लूट या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पहिली आहे म्हणून दुसरी चालते. आणि तरीही पहिलीवर आपण लेख लिहितो, मोर्चे काढतो, रात्री दोनपर्यंत व्हॉट्सअॅपवर वाद घालतो, आणि दुसरीचं बिल दर महिन्याला दहा तारखेच्या आत भरतो.

मी हिशोब मागायला लागल्यावर जे आक्षेप आले, ते तुम्हालाही ऐकावे लागतील. म्हणून एकेक घेते.

पहिला आक्षेप: आपलाच माणूस आहे, मशिदीला चंदा देतो, रमजानमध्ये इफ्तार करतो. देऊ दे, अल्लाह त्याला त्याचं फळ देईल. पण चंदा त्याने स्वतःच्या पैशातून दिला की आमच्या मेंटेनन्समधून, हे वही उघडल्याशिवाय कसं कळणार? आणि आपल्या माणसाशी व्यवहार लिहून करू नये, हे आपण कुठून शिकलो? कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, नमाज-रोज्याबद्दल नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल, साक्षीदार ठेवण्याबद्दल आहे. लिहिणं हा संशय नसतो. मेंटेनन्सचा आगाऊ पैसा ही अमानत आहे, आणि योगायोगाने कायदाही हेच म्हणतो. १९६३ च्या मोफा कायद्यात बिल्डरने असे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत, ज्या कामासाठी घेतले त्याच कामासाठी खर्च करावेत, असं लिहिलं आहे. आमच्या अॅग्रीमेंटमध्येही तेच कलम होतं, खाली त्याचीच सही होती.

दुसरा आक्षेप: बाहेर बोभाटा झाला तर लोक हसतील, कौमची बदनामी होईल. हा आक्षेप अब्बांना जुम्याच्या नमाजनंतर ऐकवला गेला. “तुमची मुलगी आपल्याच माणसाला कोर्टात खेचायला निघालीय.” अब्बा त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. मला राग आला तो याचा की बंद लिफ्टमुळे चौथ्या मजल्यावरच्या डायलिसिसवर असलेल्या चाचांना मुलगे खुर्चीत बसवून उचलून खाली आणतात, तेव्हा कौमची बदनामी होत नाही. ती होते एका पत्रामुळे!

तिसरा आक्षेप: कोर्टकचेरी आपल्याला परवडणारी नाही. हे अर्धं खरं आहे. पण सुरुवात कोर्टाने होत नाही. आमचा पहिला खर्च रजिस्टर्ड पोस्टाचा होता. सोसायटीची नोंदणी बिल्डर करत नसेल तर निम्म्याहून जास्त फ्लॅटधारक स्वतः उपनिबंधकांकडे अर्ज करू शकतात. महारेराकडे तक्रारीची फी ५,००० रुपये आहे, ८४ घरांत वाटली तर घरटी साठ रुपये. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. वकील लागला तर नंतर लागतो. आधी लागतात सह्या.

चौथा आक्षेप उलट्या बाजूने येतो आणि तो तरुणांचा लाडका आहे: भरूच नका, बघू काय करतो. माझ्या मते ही सर्वांत मोठी चूक. आमच्याकडे ३१ घरांनी पैसे थांबवले होते. त्यातली काही खरोखर अडचणीत होती, काहींना फुकट राहायची सवय लागली होती. बिल्डरने त्याचाच वापर केला. म्हणाला, थकबाकी आहे म्हणून दर वाढवावा लागतो. आणि या एका मुद्द्यावर तो पूर्ण खोटा नव्हता. शेजाऱ्याचं पाणी, शेजाऱ्याचा वॉचमन आपण फुकट वापरायचा आणि मग हक्काची भाषा करायची, हे चालणार नाही. रेरा कायदा फ्लॅटधारकावरही देणी वेळेवर भरण्याची जबाबदारी टाकतो. ज्याने भरलं नाही त्याच्या तोंडून हिशोबाची मागणी शोभत नाही आणि टिकतही नाही. भरा, चेकने किंवा ऑनलाइन भरा, पावती घ्या, आणि सोबत लेखी द्या की ही रक्कम मान्य नसताना, हक्क राखून भरत आहोत. दोन ओळी पुरतात.

मग आम्ही काय केलं ते सांगते, कारण तुमच्यापैकी कोणाला तरी उद्या हेच करावं लागेल.

पहिलं पत्र फेब्रुवारीत पाठवलं. रेरा कायद्याच्या कलम ११ नुसार सोसायटी ताबा घेईपर्यंत आवश्यक सेवा ‘वाजवी’ दराने पुरवणं ही बिल्डरची जबाबदारी आहे. दर वाजवी आहे की नाही हे खर्च पाहिल्याशिवाय ठरत नाही, म्हणून २०१९ पासूनचा जमाखर्च द्या, एवढीच मागणी. त्यावर ८४ पैकी ११ सह्या मिळाल्या. बाकीचे म्हणाले, तुम्ही पुढे व्हा, आम्ही मागे आहोत. मागे असलेल्या माणसाची सही कागदावर दिसत नाही, हे मी त्या महिन्यात शिकले.

सह्या का मिळत नव्हत्या याचं एक कारण मला उशिरा कळलं. मीटिंगा होत इशाच्या नमाजनंतर, बिल्डरच्याच ऑफिसात, आणि फक्त पुरुषांच्या. पाण्यासाठी पहाटे पाचला उठणाऱ्या, लहान मूल कडेवर घेऊन पाच मजले चढणाऱ्या बायकांना कोणी बोलावलंच नव्हतं. कितीतरी फ्लॅट तर त्यांच्याच नावावर होते! आम्ही मीटिंग रविवारी सकाळी अकराला पार्किंगमध्ये घेतली. तिसऱ्या मजल्यावरच्या भाभी पाण्याच्या वेळा लिहिलेली वही घेऊन आल्या. दोन वर्षांची रोजची नोंद, मुलाच्या शाळेच्या जुन्या वहीत. कोणत्या दिवशी टँकर आला, कोणत्या दिवशी नाही, सगळं. त्या रविवारनंतर तीन आठवड्यांत सह्या ११ वरून ४७ झाल्या. अर्जाला लागणाऱ्या निम्म्यापेक्षा जास्त.

मध्ये धमकीही आली, पाणी बंद करू म्हणून. इमारतीचा कारभार पाहणाऱ्याला सबळ कारणाशिवाय आवश्यक सेवा तोडता येत नाही, असं मोफामध्ये सरळ लिहिलं आहे. आम्ही ते कलम छापून त्याच लिफ्टशेजारी, त्याच्याच कागदाखाली लावलं. पाणी बंद झालं नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सोसायटीची नोंदणी झाली. हिशोब म्हणून आधी एक पान मिळालं होतं. त्यात पाच ओळी होत्या, सर्वांत मोठा आकडा ‘मिसलेनियस’च्या पुढे. नोंदणीनंतर पाठपुरावा केला तेव्हा पावत्यांचे दोन खोके मिळाले. ते मी आणि दोन मुलांनी रमजानच्या रात्री बसून तपासले. वॉचमन चार दाखवले होते, दोन असताना. बंद लिफ्टचा देखभालीचा करार चालू होता. आणि टँकरच्या चलनांवर अनेक ठिकाणी प्लॉट नंबर आमचा नव्हता, शेजारी त्याच बिल्डरचं नवीन बांधकाम सुरू होतं त्या प्लॉटचा होता. मग भाभींची वही काढली. चलनावर ज्या दिवशी आमच्याकडे टँकर आल्याचं लिहिलं होतं, त्यातल्या कितीतरी दिवशी भाभींच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘आज पाणी नाही.’

आज सोसायटीचा मेंटेनन्स २,७०० रुपये आहे, त्यात सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी धरून. लिफ्ट चालू आहे. बिल्डर बिलावर १८ टक्के जीएसटी लावत होता, ४,४०० वर ७९२ रुपये. सोसायटी आपल्या सभासदांकडून घेते तेव्हा महिन्याला ७,५०० पर्यंत तो लागत नाही. म्हणजे प्रत्येक घराचे महिन्याला २,४९२ रुपये वाचतात, ८४ घरांचे दोन लाखांहून जास्त. आमच्या गप्प बसण्याची महिन्याची किंमत एवढी होती.

सगळं मिटलेलं नाही. जमिनीचा पट्टा अजून सोसायटीच्या नावावर व्हायचा आहे. जुन्या पैशांची तक्रार महारेराकडे सुरू आहे. अब्बांशी दोन माणसं आजही सलाम करत नाहीत. त्यातल्या एकाने नव्या दराचं बिल मात्र पहिल्याच आठवड्यात भरलं.

तुमच्याकडे मागणं एवढंच. तुम्ही पंचवीस-तीस वर्षांचे आहात, अॅग्रीमेंटची इंग्रजी तुम्हाला वाचता येते, आईवडिलांना बहुधा येत नाही. या रविवारी ते कपाटातून काढा. ‘आउटगोइंग्ज’ हा शब्द शोधा, आगाऊ किती दिले आणि ते कशासाठी, ते वाचा. सोसायटी नोंदलेली आहे का, कन्व्हेयन्स झालं आहे का, विचारा. सोसायटी असेल तर वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते का, ऑडिट होतं का ते बघा. सभासदाला हिशोबाची कागदपत्रं पाहण्याचा आणि प्रती घेण्याचा हक्क सहकार कायद्यात आहे. चेअरमन नात्यातले असतील तर त्यांना आदराने विचारा, पण विचारा. आणि घरातल्या बायकांना विचारा, कारण पाण्याची खरी वही त्यांच्याकडे असते.

आता माझी परीक्षा. सोसायटीने मला खजिनदार केलं आहे. मागच्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरचा कॉलेजात शिकणारा एक मुलगा दारात आला. म्हणाला, “आपा, लिफ्टच्या दुरुस्तीचे अडतीस हजार कसे झाले? बिल बघायला मिळेल?” खरं सांगते, एक क्षण मला राग आला. एवढं करून आमच्यावरच संशय? ‘आपलीच माणसं आहोत’ हे वाक्य जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं.

मी त्याला आत बसवलं आणि फाइल काढून दिली. त्याने सहा पावत्या मोबाइलवर बेरीज करून तपासल्या. एका ठिकाणी साडेचारशे रुपये दोनदा लिहिले गेले होते. चूक माझी होती.